शंभूच्या हाताचा साचा

माझ्या पोटात काही राहत नाही, अशी आमच्या घरात माझी ख्याती आहे. नणंदेच्या लग्नाची बोलणी असोत की शेजारणीनं घेतलेला नवा फ्रिज — संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलेलं असतं. नवरा म्हणतो, तुला सांगणं म्हणजे उचगावात दवंडी पिटणं. तर अशा माझ्या पोटात एक गोष्ट इतकी वर्षं राहिली आहे. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही. देवळात हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा मी ती तेवढी वगळून बाकीचं सगळं सांगते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

आधी माझ्या अक्षराबद्दल सांगू द्या. तुम्ही म्हणाल, गुन्हा कबूल करायला बसलीस आणि स्वतःचं कौतुक कसलं सांगतेस? पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शाळेत असल्यापासून माझं अक्षर छापल्यासारखं. पुढे उचगावातल्याच एका खाजगी शाळेत शिकवायला लागले, तेव्हा फळ्यावरचा रोजचा सुविचार, स्नेहसंमेलनाच्या पाट्या, प्रमाणपत्रांवरची नावं, सगळं माझ्याकडे. अजूनही गल्लीत लग्न निघालं की पत्रिकांचा गठ्ठा नावं घालायला आमच्या दारात येतो. लोक मान तिरकी करून बघतात, म्हणतात, काय अक्षर आहे ताई — आणि मला आतून गुदगुल्या होतात. खोटं कशाला बोलू?

आणि माझ्या पोटी सई आली. जन्मली तेव्हा उशिरा रडली. पुढे डॉक्टरांनी जे सांगितलं ते सांगत बसत नाही. इतकंच की तिचं डोकं तल्लख आहे, पण हात तिच्या ताब्यात नाहीत. उजवीकडे न्यायचा म्हटला की डावीकडे जातो, धरायला गेली की मूठ उघडते, सोडायला गेली की घट्ट मिटते. बोलणंही घरात फक्त मला आणि तिच्या बाबांना कळतं, तेही अर्धंमुर्धं. मी नोकरी सोडली. आणि मनाशी ठरवलं की ही पोर लिहिणार. माझी मुलगी आहे, लिहिणार नाही म्हणजे काय?

आमच्या कपाटाचा एक अख्खा खण अजून त्या सामानानं भरलेला आहे. पेन्सिलीवर चढवायची माशाच्या आकाराची रबरी पकड. जाड तीनकोनी पेन्सिली. हात थरथरू नये म्हणून मुद्दाम जड केलेली पेन्सिल. मऊ चेंडूत खोचलेला खडू. कागद तिरका राहावा म्हणून उतरती लाकडी पाटी, आणि बोटाला रेघ लागावी म्हणून उठावाच्या रेघांचे कागद. जे जे मोबाइलवर दिसलं ते ते मी मागवलं. सई प्रत्येक वस्तू आली की खूश व्हायची, हसायची, आणि थोड्या वेळानं ती वस्तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पडायची. ती टाकत नव्हती हो, तिचा हातच टाकायचा. पण मला राग यायचा. सहा वर्षांच्या पोरीचा राग.

कोल्हापुरात अशा मुलांसाठी एक केंद्र आहे. एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक. आत मॅडम मुलांचे हात, बोटं, बसणं यांवर काम करायच्या आणि बाहेर आम्ही आया बसायचो. त्या बाकावर मला सुजाता भेटली.

सुजाता बिद्रीच्या अलीकडच्या एका गावातली. एकत्र कुटुंब, गोठ्यात म्हशी, पहाटेपासून दूध काढणं, डेअरीला घालणं, किटल्या धुणं, आणि ते सगळं उरकून पोराला काखोटीला मारून एसटीनं कोल्हापूर. पोराचं नाव शंभू. सईच्याच वयाचा. त्याचे दोन्ही हात ताठ, मनगटं आत वळलेली, अंगठा मुठीत दडपलेला. पण दंगेखोर असा की व्हरांड्यात शिरतानाच "सई!" म्हणून हाक. त्याचं बोलणं स्वच्छ होतं, आणि सईचं बोलणंही त्याला कळायचं. मनाला त्याचंही थोडं लागायचंच, पण ते चालून जायचं.

आमची चांगली गट्टी जमली. तिच्या डब्यातलं दही मी खायची, माझ्या डब्यातली पोळी ती. ती शंभूला बाहेर नेऊन आणायची तेव्हा सईला मी सांभाळायची, आणि मी औषधाच्या दुकानात गेले की दोघांना ती. सईला भरवताना तिची मान एका बाजूनं कशी धरायची हे माझ्या सासूला आजतागायत जमलेलं नाही. सुजाताला बघून बघून जमलं होतं. अशी बाई होती ती. म्हणजे आहे. हे मी मुद्दाम सांगते आहे. ती वाईट असती तर किती बरं झालं असतं.

जळायला सुरुवात कधी झाली, ते मला पक्कं आठवतं. मॅडमनी सांगितलं की शंभूला जाड काहीतरी धरायला द्या. मी तिला मोबाइलवर त्या रबरी पकडी दाखवल्या, कुठून मागवायच्या ते सांगितलं, अगदी मोठेपणानं. पुढच्या खेपेला ती आली ती दिराच्या जुन्या सायकलच्या मुठीचं रबर कापून, त्यात खडू खोचून. शंभूनं ते दोन्ही हातांत धरलं आणि पाटीवर एक उभी रेघ ओढली. वाकडी, पण वरून खाली, थांबून. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्या घरी खण भरून सामान आहे आणि हिचं पोर सायकलच्या मुठीवर लिहायला लागलं.

तिथून पुढे मी त्याच्यावर डोळा ठेवूनच असायची. आज आडवी रेघ. आज गोल, पण उघडा राहिला. आज गोल मिटला. सईची प्रगती मी कधी इतकी नीट बघितली नसेल. घरी येऊन मी तिला बसवायची, हाताला हात धरून गोल काढायला लावायची, आणि ती दमून रडकुंडीला आली तरी सोडायची नाही. शंभूला येतं, तुला का येत नाही — हे मी तिला मोठ्यानं म्हटलं आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा.

मग मॅडमनी दोघांसाठी साचे करायचं ठरवलं. त्या त्याला स्प्लिंट म्हणतात. आम्ही आया साचाच म्हणायचो. पांढऱ्या प्लास्टिकचा एक जाड पत्रा असतो. तो हाताच्या मापानं कापून गरम पाण्यात टाकला की पापडाच्या लाटीसारखा मऊ पडतो. मग तो मुलाच्या मनगटावर, तळव्यावर दाबून बसवायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा. गार झाला की कडक. मनगट सरळ राहतं, अंगठा बाहेर राहतो, आणि बोटांपाशी पेन्सिल अडकवायला एक नळी बसवतात. सईचा आधी केला. तिच्यासाठी तो कामाचा ठरला नाही. तिचा त्रासच वेगळा, मॅडमही म्हणाल्या की हिच्यासाठी दुसरं काही शोधू. दुसरं काही म्हणजे काय, ते मी विचारलंसुद्धा नाही. मला दुसरं काही नकोच होतं.

शंभूचा साचा केला त्या दिवशी सुजाता बाहेर बाकावर होती. आई समोर असली की तो रडून हात आखडून घ्यायचा, म्हणून मॅडम तिला बाहेरच बसवत. त्याचं कोपर धरायला आत गेले मी. मला तो मावशी म्हणायचा. मी त्याला म्हशीचं रेडकू कसं ओरडतं ते विचारत राहिले, तो ओरडून दाखवत राहिला, आणि मॅडमनी तो मऊ पत्रा त्याच्या हातावर बसवला. माझी बोटं त्याच्या कोपराखाली होती. मापाला बसला म्हणजे असा बसला की मॅडम स्वतःच हसल्या.

सुजाताची परतीची गाडी चुकत होती. ती साचा पिशवीत घालून, पोराला कडेवर घेऊन स्टँडकडे पळाली. मॅडम दुसऱ्या दिवसापासून लांबच्या सुट्टीवर जाणार होत्या, त्यांच्या घरी लग्न होतं. आवराआवर करता करता त्या मला म्हणाल्या, सुजाताला तेवढं फोन करून सांगा — साचा गरम पाण्यात घालायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, कोमट पाणी आणि थोडा साबण, बस्स. मी म्हटलं, सांगते.

आणि मी सांगणारच होते. यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. त्या संध्याकाळी पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी सईला ताप. राहिलं. तोवर ते नुसतं राहिलेलंच होतं.

मधल्या दिवसांत आणखी एक झालं. सुट्टीत दुसऱ्या एक बाई केंद्र चालवायच्या, मुलांना खेळवायच्या. तिथे सुजाता एक डबा घेऊन आली. म्हैस व्यायली होती, खरवस केला होता. पण डबा उघडायच्या आधी तिनं पाटी काढली, शंभूच्या हाताला साचा बांधला, नळीत खडू अडकवला. शंभूनं श काढला. मग भू, अर्ध्यावर थांबून, ओठ चावत. आणि शेवटी श वरचा अनुस्वार. तो त्यानं असा दिला की खडूचा तुकडा उडाला. आणि अनुस्वार देऊन झाल्यावर खदाखदा हसला.

ते अक्षर मी एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत बघितलं असतं तर पुन्हा लिही म्हणाले असते. श चं पोट फुगलेलं, भू एका बाजूला कलंडलेला. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणाच्या अक्षराचा हेवा वाटला नव्हता. त्या अक्षराचा वाटला. सई आनंदानं ओरडत होती, तिचे हात खुर्चीवर आपटत होते, तिला टाळ्या वाजवायच्या होत्या. सुजातानं खरवसाची पहिली वडी सईच्या तोंडात घातली, मान एका बाजूनं धरून, अगदी नीट. मग एक मला दिली. मला ती गिळवेना. बाहेर जाऊन मी ती रुमालात गुंडाळली.

आता जत्रेचं सांगते. त्याशिवाय माझ्या हातून काय झालं त्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही.

शंभूचे आजोबा, म्हणजे सुजाताचे सासरे, यांच्या मनात त्याला लांबच्या एका निवासी शाळेत ठेवायचं होतं. तिथे असलीच मुलं राहतात, शिकतात. पुण्याच्या दिरानं सगळी चौकशी केली होती. म्हातारा वाईट नव्हता. त्याचं म्हणणं, गावच्या शाळेत बसून पोरगं नुसतं बघत राहणार, त्यापेक्षा तिथं काहीतरी शिकेल. सुजातानं पाय धरले, रडली, भांडली. शेवटी ती म्हणाली, त्यानं लिहून दाखवलं तर? सासरे म्हणाले, जत्रेला सगळे जमतील, सगळ्यांसमोर स्वतःचं नाव लिहू दे, मग राहू दे त्याला इथंच. गावच्या जत्रेला घरचा झाडून सगळा गोतावळा येतो. तिथे ठरलं की ठरलं.

हे सगळं तिनं मला बाकावर सांगितलं होतं. मला सगळं माहीत होतं. इथेच मला पळवाट नाही.

जत्रेच्या दोन दिवस आधी तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. गोठ्याशेजारच्या पडवीत शंभू बसलेला, पाटीवर नाव लिहितो, अनुस्वार ठोकतो, हसतो. मागून सुजाताचा आवाज, "आता सईला दाव." त्यानं पाटी कॅमेऱ्यासमोर धरली. मी तो व्हिडिओ सईला दाखवला नाही. स्वतः मात्र परत परत बघितला. कुठेतरी ती त्याचा हात धरत असेल, असं शोधत होते. ती हात धरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सईला घेऊन बसले होते. एक रेघ, बाळा, एकच. तिचा हात उडाला, जड पेन्सिल माझ्या गालावर बसली. मी तिच्या हातावर फटका मारला. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. आणि तेवढ्यात सुजाताचा फोन आला.

मागे भांड्यांचा आवाज, बायकांची गडबड. पाहुणे यायला लागले होते. ती घाईत बोलत होती. शंभूची लाळ आणि घाम साच्यात मुरला होता, चार माणसांत बांधायचा म्हणजे स्वच्छ नको का? तिच्या घरात स्वच्छ म्हणजे एकच. दुधाची किटली, गाळणी, चरवी, सगळ्यावर उकळतं पाणी ओतायचं. नाहीतर दूध नासतं. जन्मभर तेच केलेली बाई.

"ताई, साच्याला लई वास मारायलाय. किटल्यांवर वततो तसं उकळतं पाणी वतू काय? चालतंय न्हवं?"

मॅडमचे शब्द माझ्या डोक्यात होते. विसरले नव्हते. घाईत नव्हते. तिनं विचारलेलं नीट ऐकलं होतं. गालावर पेन्सिल लागल्याची जागा ठणकत होती.

मी म्हटलं, "चालतंय की."

झालं. एवढंच. ती बरं म्हणाली, सईचा मुका घ्या म्हणाली आणि फोन ठेवला.

मी लगेच परत फोन करू शकत होते. पाणी उकळायला वेळ लागतो की. मी मोबाइल हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले आणि मनाशी म्हटलं, नसेल काही होत, थोडं मऊ पडेल फार तर. मग मी भाजी चिरायला घेतली. तुम्हाला सांगते, मला त्या वेळी वाईट वाटत नव्हतं. आत कुठेतरी गार वाटत होतं. ते गार वाटणं मी विसरू शकलेले नाही.

दुपारी तिचा फोन. रडत होती. साचा पातेल्यात वितळल्यासारखा पसरला होता. तिनं तो बाहेर काढून परत वळवायचा प्रयत्न केला होता. पोराच्या हाताला चटका बसेल म्हणून आधी स्वतःच्या हातावर दाबून बघितला, तर तो तिथेच गार होऊन कडक झाला. तिच्या बोटांना फोड आले. मॅडमचा फोन लागत नव्हता. "आता काय करू ओ ताई?"

मी बघितलं होतं तो कसा बसवतात. माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातांत बसवला होता. गरम पाणी, आतून पातळ सुती कापड, थोडं गार होऊ द्यायचं, मग दाबायचं. नवऱ्याची गाडी दारात होती. उचगावाहून तिचं गाव काही मुंबई नव्हे. मी तिला म्हटलं, सायकलच्या मुठीनं लिहून बघ ना, त्याला येतं की आता. आणि वर म्हटलं, रडू नको, होतं असं.

जत्रेच्या दिवशी शंभूला लिहिता आलं नाही. मुठीचं रबर त्याच्या हातातून निसटत राहिलं; साच्याची सवय लागलेला अंगठा परत मुठीत जाऊन बसला. त्यानं म्हणे श काढायला घेतला, आणि सगळे बघतायत म्हणून हात आणखीच ताठ झाले. दीर म्हणाला, वहिनी, पोराला कशाला छळता. सासऱ्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि त्याला मांडीवर घेतलं. हे सगळं सुजातानंच मला सांगितलं, दुसऱ्या कुणाला सांगणार? जूनमध्ये त्याला निवासी शाळेत सोडलं. सुजाता परतताना गाडीत बसेपर्यंत त्याला कळलंच नव्हतं की आई जाणार आहे.

तो वाकडा साचा तिनं केंद्रात आणून दिला. मॅडम सुट्टीवरून आल्या होत्या. मी तो हातात घेतला. त्यात लहान मुलाचा हात उरलाच नव्हता. मोठ्या बाईचा तळवा होता, बोटांच्या मुळाशी किटल्या उचलून आलेल्या घट्ट्यांसकट. मी तो पटकन टेबलावर ठेवला.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तुम्ही यांना सांगितलं होतं ना?

बघा, ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी निदान फोन होता, समोर कोणी नव्हतं. इथे सुजाता माझ्या शेजारी उभी होती, बोटांवरची कातडी अजून नवी, गुलाबी. मी म्हटलं, "सांगितलं होतं की."

सुजातानं माझ्याकडे वळून बघितलं. मला वाटलं, आता ही बोलणार. बोल, बोल एकदाची. ती क्षणभर गोंधळली, आणि मग मॅडमना म्हणाली, "सांगितलं असंल ताईंनी. पावण्यांच्या गडबडीत माझं मलाच कळंना झालंतं. मीच कायतरी उलटं धरलं असंल."

तिला खरंच तसं वाटलं का? की आपली ताई असं करेल हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं? मी कधी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे सांगायचं आलं.

मी स्वतःला काय काय सांगते, तेही ऐका. सांगते की नाहीतरी त्याला पाठवणारच होते. सांगते की तिकडे तो चांगला शिकला, गावात एवढं शिकला नसता. यातलं काही खरंही असेल. पण मी चालतंय की म्हटलं, तेव्हा यातलं काहीच माझ्या मनात नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की त्याला उद्या लिहिता येऊ नये.

पुढे मॅडमनी सईसाठी ते दुसरं काही शोधलं. पारदर्शक प्लास्टिकची एक चौकट, तिच्यावर अक्षरं लावलेली. मी समोर धरायची, सई ज्या अक्षराकडे बघेल तिथे पलीकडून बोट न्यायचं, बरोबर असेल तर ती पापण्या मिटते. हात नकोच. मला पहिल्यांदा ते मान्यच नव्हतं. हे काय लिहिणं झालं? पण सईनं ते भराभर उचललं. मॅडम म्हणाल्या, आज तिला तिच्या मनाचं काहीतरी लिहू दे. मी चौकट धरून बसले. मला वाटलं, आई म्हणेल. सगळ्या आयांना तेच वाटत असणार.

तिनं श बघितला. मग अनुस्वार. मग भ. आणि ऊकार शोधताना तिचे डोळे चौकटीभर फिरले, सापडल्यावर ती हसली. मग माझ्याकडे बघत राहिली, उत्तरासाठी. तो कुठे गेला, एवढंच तिला इतके दिवस विचारायचं होतं. मी म्हटलं, शाळेला गेलाय बाळा. आणि खरं सांगू? लेकीनं आयुष्यात पहिला शब्द लिहिला, आणि तो माझा नव्हता म्हणून तेव्हाही माझ्या पोटात दुखलंच.

यंदाच्या सुट्टीत सुजाता शंभूला घेऊन केंद्रात आली. हात वाढला आहे, नवा साचा करायचा होता. तो आता उंच झालाय, शांत बसतो. मला त्यानं नमस्कार केला, अहो म्हणाला. मावशी म्हणाला नाही. मॅडमनी लिहायला दिलं तर नाव सरळ रेघेत लिहिलं, अनुस्वार जागच्या जागी, हलक्या हातानं. सईनं हाक मारली तेव्हा तो वळला, पण तिचं बोलणं त्याला आता कळत नव्हतं. त्यानं आईकडे बघितलं.

बाकावर जयसिंगपूरची एक नवी आई बसली होती. तिच्या मांडीवर तिच्या मुलीचा नवाकोरा साचा. तो ती उलटसुलट करून बघत होती, कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. सुजाता तिच्याकडे सरकली.

"बाई, ह्येला उकळतं पाणी घालू नगा हां. माझ्या पोराचा मी तसाच घालवला. लई महागात पडलं."

नवी आई घाबरली. म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?

सुजातानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ह्या ताईंनी चांगलं बजावलंतं की. मीच येडी, इसरलो."

नव्या आईनं माझ्याकडे आदरानं बघितलं. म्हणाली, मग नीट कसं धुवायचं ताई? सुजाताचा हात माझ्या गुडघ्यावरच होता.

मी सांगितलं. कोमट पाणी आणि थोडा साबण, बस्स. उन्हात ठेवायचा नाही. अगदी सावकाश, तिला कळेल असं सांगितलं.